चेन्नईच्या लग्नाला जाताना

भारतीय माणूस ज्या कारणांसाठी दूरचा प्रवास करतो, त्यांत तीर्थयात्रा आणि लग्न ही दोन कारणे फार जुनी आहेत. तीर्थयात्रेला निघणारा मनुष्य वाट, मुक्काम आणि ऋतू यांची चौकशी आधीच करून ठेवतो. लग्नाला निघणारा पाहुणा मात्र बहुधा सारा भार यजमानावर टाकून निश्चिंत असतो. वस्तुतः त्या दोन-तीन दिवसांत ज्याला कोणाचीही विचारपूस करण्यास सवड नसते असा एकच मनुष्य असतो, तो म्हणजे यजमान. म्हणून परक्या प्रांतातील, विशेषतः मोठ्या शहरातील लग्नाला जाणाऱ्याने काही गोष्टी आधीच जाणून घेणे हे स्वतःच्या सोयीचे तर आहेच, शिवाय यजमानावरील उपकारही आहे.

तामिळनाडूची राजधानी चेन्नई हे बंगालच्या उपसागराच्या काठी वसलेले शहर १९९६पर्यंत मद्रास या नावाने ओळखले जात असे. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने देशभरातील कुटुंबांचे येथील कुटुंबांशी संबंध जुळत आले आहेत आणि त्यामुळे परप्रांतीय पाहुणा हे येथील लग्नमंडपातले परिचित दृश्य आहे. हा पाहुणा आपल्या प्रांताच्या सवयी बरोबर घेऊन येतो. उत्तरेकडील पाहुण्याला लग्न म्हणजे रात्रीची वरात असे वाटते; महाराष्ट्रातील पाहुण्याला दुपारचा किंवा गोरज मुहूर्त परिचयाचा असतो. चेन्नईतील पारंपरिक हिंदू विवाह मात्र प्रायः सकाळी, आणि पुष्कळदा पहाटेच होतो. दुपारी बाराच्या सुमारास निवांतपणे मंडपात शिरणाऱ्या पाहुण्याला जेवणाचे पान मिळते, वधूवरांचे दर्शनही घडते. पण ज्या क्षणासाठी त्याने हजार-दीड हजार किलोमीटरचा प्रवास केला तो क्षण केव्हाच होऊन गेलेला असतो. हे टाळण्याचा उपाय एकच आहे. आपल्या गावाहून सुटणाऱ्या गाडीपासून पुढे हिशेब न करता मुहूर्तापासून मागे हिशेब करावा. प्रवासाचा प्रत्येक निर्णय त्या एका वेळेशी जोडला म्हणजे बाकीच्या गोष्टी आपोआप जागच्या जागी बसतात.

निमंत्रणपत्रिका वाचण्याची रीत

पत्रिकेवर मुहूर्ताची वेळ बहुधा एका क्षणाच्या रूपाने न देता दीड तासाच्या अवधीच्या रूपाने दिलेली असते. उदाहरणार्थ, सकाळी ९ ते १०.३०. हा अवधी कसा ठरतो हे समजून घेण्यासारखे आहे. तमिळ पंचांगात दिवसाचे प्रत्येकी दीड तासाचे आठ भाग मानतात. त्यांपैकी राहुकाळ आणि यमगंड हे दोन भाग मंगलकार्याला वर्ज्य समजले जातात आणि वारागणिक त्यांची जागा बदलते. सकाळी ६ वाजता सूर्योदय धरला तर सोमवारी ७.३० ते ९ राहुकाळ आणि १०.३० ते १२ यमगंड असतो. साहजिकच सोमवारच्या लग्नाला ६ ते ७.३० किंवा ९ ते १०.३० असे दोनच अवधी सकाळी उरतात. शनिवारी ९ ते १०.३० हाच राहुकाळ असल्याने त्या दिवशीचे मुहूर्त बहुधा त्याआधी उरकतात. रविवारी राहुकाळ सायंकाळी ४.३० ते ६ असा येतो आणि सकाळ मोकळी राहते. पत्रिकेवर ४.३० ते ६ अशी पहाटेची वेळ दिसली तर ती छापण्यातील चूक समजू नये. अशा पहाटेच्या मुहूर्ताला येथे विशेष शुभ मानणारी घराणी पुष्कळ आहेत.

दीड तासाच्या या अवधीत ताळी, म्हणजे मंगळसूत्र, नेमके कोणत्या मिनिटाला बांधले जाईल हे पाहुण्याला आधी कळत नाही. म्हणून अवधीचा आरंभ हीच आपली वेळ धरावी आणि त्यापूर्वी अर्धा तास मंडपात असावे.

पत्रिकेतील दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे स्वागतसमारंभाची तारीख. महाराष्ट्रात स्वागतसमारंभ लग्नानंतर होतो. चेन्नईत तो पुष्कळदा लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ठेवतात. वधूवर शेजारी बसलेले असतात, भेटी स्वीकारतात, आणि विवाह मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचा असतो. दोन तारखांपैकी पहिलीच तारीख महत्त्वाची समजून आदल्या रात्रीच परतीची गाडी पकडणारा पाहुणा लग्न न पाहताच घरी जातो.

तिसरी गोष्ट विवाहाचा प्रकार. ब्राह्मण घराण्यांतील वैदिक विवाह, इतर समाजांचे आपापल्या रीतीचे विवाह, सांतोमसारख्या भागातील चर्चमधील विवाह आणि निकाह यांखेरीज तामिळनाडूत एक आणखी प्रकार रूढ आहे. पुरोहित व मंत्र यांच्याशिवाय, आप्तेष्टांच्या साक्षीने एकमेकांना हार अथवा अंगठी घालून वा ताळी बांधून केलेल्या विवाहाला येथे स्वाभिमान विवाह म्हणतात. पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या चळवळीतून ही प्रथा निघाली आणि सी. एन. अण्णादुरै मुख्यमंत्री असताना १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून तिला कायदेशीर मान्यता देण्यात आली. अशा विवाहात विधी थोडे आणि भाषणे अधिक असतात. यजमानाला आधी विचारून ठेवले म्हणजे पाहुण्याचा गोंधळ होत नाही.

महिने आणि हवामान

तमिळ महिने सौरमानाचे असल्यामुळे ते मराठी चांद्रमासांशी जुळत नाहीत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा आडि आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा मार्गळी हे महिने विवाहाला सहसा वर्ज्य असतात. मकरसंक्रांतीच्या सुमारास पोंगल साजरा होतो, त्याबरोबर तै महिना सुरू होतो आणि लग्नसराईला भर येतो. पाहुण्याच्या दृष्टीनेही हा काळ सर्वांत सुखाचा होय. हवा कोरडी व सौम्य असते.

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा वैकासि हाही लग्नाचा महिना आहे. मात्र या दिवसांत पारा ४० अंशांपर्यंत आणि कधी त्यापुढेही जातो आणि समुद्राच्या सान्निध्यामुळे हवेत दमटपणा असतो. दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाला की किनाऱ्याजवळच्या वस्त्यांत थोडा आराम पडतो. शहराच्या पश्चिमेकडील भागांत तो उशिरा पोहोचतो. जरीची वस्त्रे मंडपापुरती ठेवून प्रवासात व इतर वेळी सुती कपडे वापरावेत. उन्हाळ्यात आणखी एक भान ठेवणे आवश्यक आहे. शहराचा पाणीपुरवठा मोठ्या प्रमाणात पावसाने भरणाऱ्या जलाशयांवर अवलंबून आहे. २०१९च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि घरोघर टँकरने पाणी आणावे लागले. लग्नघरी उतरलेल्या पाहुण्याने पाणी बेताने वापरले तर यजमानाची चिंता हलकी होते.

पावसाच्या बाबतीत पश्चिम किनाऱ्यावरील पाहुण्याची हमखास चूक होते. मुंबईत पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि ऑक्टोबरमध्ये छत्र्या आत जातात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांचे बरेचसे पाणी सह्याद्री व त्याच्या दक्षिणेकडील रांगा अडवून धरतात, त्यामुळे त्या चार महिन्यांत चेन्नईला त्याचा अल्प वाटा मिळतो. ऑक्टोबरनंतर वाऱ्याची दिशा उलटते, ईशान्येकडील वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात, आणि वर्षाच्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत कोसळतो. चक्रीवादळेही याच काळात येतात. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीला पूर येऊन शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले व विमानतळ काही दिवस बंद राहिला; १२ डिसेंबर २०१६ रोजी वर्दा चक्रीवादळ आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळ या शहराने सोसले.

याचा अर्थ त्या महिन्यांतील लग्नाला जाऊ नये असा नाही. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी पोहोचणारी गाडी इतर ऋतूंत पुरते; या तीन महिन्यांत दोन दिवस आधी पोहोचणे शहाणपणाचे ठरते. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा आणि उतरण्याची जागा वेळच्चेरीसारख्या सखल भागात असेल तर तेथे पाणी साचते काय हे विचारून घ्यावे.

शहरात उतरताना

मुंबईहून पुणे, सोलापूर, रायचूर, गुंतकल या मार्गाने चेन्नई सुमारे १२८० किलोमीटर आहे आणि हा प्रवास रेल्वेने जवळजवळ एक अहोरात्र घेतो. विदर्भातील पाहुण्यांना दिल्लीहून येणाऱ्या गाड्या नागपूर व बल्लारशा येथे मिळतात. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचे आरक्षण गाडीच्या दिवसाच्या ६० दिवस आधी खुले होऊ लागले. त्यापूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. लग्नाच्या तिथी सर्वांच्या एकच असतात, त्यामुळे तै महिन्यातील गाड्या लवकर भरतात.

शहरात मुख्य स्थानके दोन आहेत. उत्तर व पश्चिमेकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या सेंट्रल स्थानकावर थांबतात. २०१९ साली या स्थानकाला माजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांचे नाव देण्यात आले, तरी बोलण्यात सेंट्रल हाच शब्द चालतो. एगमोर हे दुसरे स्थानक मुख्यतः दक्षिणेकडील गाड्यांचे आहे. काही गाड्या याहून वेगळ्या ठिकाणी, उदाहरणार्थ तांबरमला, संपतात. न्यायला येणाऱ्या माणसाला 'चेन्नई स्टेशन' एवढेच कळवणे पुरेसे नाही; तिकिटावरील स्थानकाचे नाव जसेच्या तसे कळवावे. राज्याच्या दक्षिण भागातून बसने येणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की डिसेंबर २०२३च्या अखेरीस किलांबाक्कम येथे नवे बसस्थानक सुरू झाले असून ते शहराच्या मध्यभागापासून बरेच दूर आहे.

मेट्रो रेल्वेचा पहिला टप्पा जून २०१५ मध्ये सुरू झाला. विमानतळ, सेंट्रल आणि एगमोर ही तिन्ही ठिकाणे आता मेट्रोने जोडलेली आहेत. तथापि पहाटेच्या मुहूर्तासाठी मेट्रोच्या पहिल्या गाडीवर विसंबणे धोक्याचे आहे. त्यासाठी आदल्या रात्रीच गाडी ठरवून ठेवावी, किंवा मंडपापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर उतरावे. रिक्षात बसण्यापूर्वी भाडे निश्चित करून घेतल्यास उतरताना वाद होत नाही.

पत्ता शोधणे ही येथे एक स्वतंत्र विद्या आहे. घरांची क्रमवारी पुन्हा लावण्यात आल्यामुळे अनेक दारांवर जुना आणि नवा असे दोन क्रमांक असतात आणि पत्रिकेवर दोन्ही छापलेले दिसतात. रस्त्यांची नावेही बदलली आहेत. माउंट रोडचे अण्णा सालै झाले, पूनमल्ली हाय रोडला पेरियारांचे नाव मिळाले, पण वृद्ध मंडळी जुनीच नावे सांगतात. 'पहिला मुख्य रस्ता' किंवा 'दुसरी आडवी गल्ली' अशी नावे तर निरनिराळ्या वसाहतींत पुन्हापुन्हा येतात. म्हणून मंडपाच्या नावाबरोबर वसाहतीचे नाव आणि जवळचे एखादे देऊळ, शाळा किंवा चौक लिहून घ्यावा.

मंडपात

येथील विवाह बहुधा कल्याण मंडपात होतात. तमिळमध्ये कल्याणम् या शब्दाचा अर्थच विवाह असा आहे. दाराशी चंदन, कुंकू, खडीसाखर आणि गुलाबपाणी देऊन स्वागत होते. ब्राह्मण विवाहातील काही विधी मराठी पाहुण्याला ओळखीचे वाटतील. छत्री व काठी घेऊन वर काशीला निघतो आणि वधूपिता त्याला परत वळवतो; आपल्याकडील सोडमुंजीत बटूची काशीयात्रा असते, तिचीच ही बहीण. वधू नेसते ती नऊवारी साडी, फक्त नेसण्याची तऱ्हा निराळी. त्यानंतर मामा मंडळींच्या आधाराने वधूवर एकमेकांना हार घालतात आणि मग त्यांना झोपाळ्यावर बसवून स्त्रिया गाणी म्हणतात.

ताळी बांधण्याची वेळ ओळखण्याची खूण कानाला मिळते. पुरोहित इशारा देतात आणि नादस्वरम् व तविल ही वाद्ये एकाएकी अत्यंत मोठ्याने वाजू लागतात. एखादी शिंक किंवा अशुभ शब्द त्या क्षणी कानी पडू नये, हा त्यामागील हेतू. पहिली गाठ वर मारतो आणि पुष्कळ घराण्यांत उरलेल्या दोन गाठी त्याची बहीण मारते. या वेळी गप्पा थांबवाव्यात, हातातील अक्षता टाकाव्यात आणि छायाचित्र काढण्यासाठी उभे राहून मागच्यांचे दर्शन अडवू नये. वधूच्या वृद्ध आजीला तेवढेच पाहायचे असते.

अहेर पाकिटातून देणे सर्वांत सोयीचे. रकमेवर एक रुपया अधिक ठेवण्याची रीत येथेही आहे. पाकिटावर आपले नाव व गाव स्पष्ट लिहावे, कारण अनेक समाजांत अशा अहेराची वहीत नोंद होते आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले म्हणजे त्याची फेड केली जाते. निघताना नारळ, विडा यांची तांबूलाची पिशवी मिळते. ती नाकारणे अशिष्टपणाचे मानतात.

केळीचे पान

भोजन पंगतीने होते आणि तमिळमध्येही पंगतीला 'पंदि' असाच जवळचा शब्द आहे. पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. वरणभात व तूप, सांबार, रस्सम, मग पायसम आणि शेवटी ताकभात किंवा दहीभात असा साधारण क्रम असतो. रस्समभात पानावरून वाहू लागतो, म्हणून भाताला मध्ये आळे करून घ्यावे. वाढणारे झपाट्याने पुढे सरकतात. नको असेल तर 'पोदुम्', म्हणजे पुरे, एवढा शब्द पुरतो. थोडे हवे असल्यास 'कोंजम्' म्हणावे. जेवण झाल्यावर पान वरच्या बाजूने आपल्याकडे दुमडावे. बाहेरच्या बाजूला दुमडणे हे अशुभ प्रसंगाचे लक्षण समजतात. हिंदी सर्वत्र समजेलच असे नाही. इंग्रजीवर बरेच काम भागते, पण या दोन-तीन तमिळ शब्दांनी वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू येते ते इंग्रजीने येत नाही.

समुद्राकडे

लग्नानंतरचा एक दिवस हाती ठेवावा. मैलापूरचे कपालीश्वर मंदिर, त्यागराय नगरातील रेशमी वस्त्रांची दुकाने आणि दक्षिणेस सुमारे साठ किलोमीटरवरील महाबलीपुरमची शिल्पे ही सर्वांच्या आवडीची ठिकाणे आहेत. समुद्र येथे पूर्वेला आहे. मुंबईच्या पाहुण्याला परिचित असलेला सूर्यास्त पाण्यावर दिसत नाही, सूर्योदय दिसतो. मरीना किनाऱ्यावर पहाटे जाण्यासारखा दुसरा विसावा नाही.

मरीनाची वाळू इतकी रुंद आहे त्याचे कारण शहराचे बंदर होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या गेल्या, आणि किनाऱ्याने उत्तरेकडे सरकणारी वाळू दक्षिणेच्या बाजूस अडून साचत गेली. रस्त्यापासून पाण्यापर्यंत बरेच चालावे लागते, हे वृद्धांना बरोबर नेताना लक्षात ठेवावे. लाटा शांत दिसल्या तरी पायाखालून आत ओढणारा प्रवाह येथे जोरदार आहे आणि बुडून मृत्यू होण्याच्या घटना वारंवार घडतात. लग्नाच्या उत्साहात असलेली तरुण मंडळी आणि समुद्र प्रथमच पाहणारी मुले यांनाच धोका अधिक. पाय भिजवण्यापलीकडे पाण्यात जाऊ नये आणि पोलिसांची मनाई मोडू नये. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी आलेल्या त्सुनामीत याच वाळूवर फिरायला व खेळायला आलेल्या लोकांचे प्राण गेले. समुद्र एकाएकी मागे हटलेला दिसला किंवा इशारा मिळाला, तर वस्तू गोळा करीत न बसता तत्काळ आतल्या बाजूस निघावे.

परतीचे तिकीटही मुहूर्तावरूनच ठरवावे. लग्नाच्या दुपारची गाडी पकडणाऱ्याचे लक्ष सकाळपासून घड्याळाकडे असते; तो पंगतीत घाई करतो आणि निरोप घेताना यजमानाला भेटतही नाही. दुसऱ्या दिवसाची गाडी धरली, तर लग्नघर शांत झाल्यावर संध्याकाळी यजमानाला प्रथमच बसायला सवड मिळते, तेव्हा पितळी पेल्यातील कॉफी समोर ठेवून त्याच्याशी चार शब्द बोलता येतात.